सायलेन्सरकडे जाणारी हवा

मोटरसायकलच्या एअर फिल्टरच्या डब्यातून हवा दोन वाटांनी निघते. एक वाट कार्ब्युरेटरमधून किंवा थ्रॉटल बॉडीमधून सिलिंडरात जाते. तिथे हवा आणि पेट्रोल एकत्र जळतात. दुसरी वाट अरुंद आहे. बोटाएवढ्या जाडीची एक रबरी नळी डब्यातून निघते, मध्ये एका छोट्या झडपेतून जाते आणि सिलिंडर हेडवर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या लगेच पलीकडे, धूर बाहेर पडण्याच्या मार्गात उघडते. या नळीतली हवा इंजिनाला ताकद देण्यासाठी नसते. सिलिंडरातून बाहेर पडलेल्या तापलेल्या वायूंत ती मिसळते आणि त्यांत अर्धवट जळलेले जे उरले असेल ते तिथेच जाळते. या रचनेला सेकंडरी एअर इंजेक्शन म्हणतात. बजाजच्या गाड्यांत तिचे नाव एसएआय, यामाहात एआयएस, सुझुकीत पेअर, केटीएममध्ये एसएएस. नावे वेगळी असली तरी काम एकच.

ही नळी बुजवण्याची किंवा सगळी जोडणीच काढून टाकण्याची चाल हौशी मोटरसायकलस्वारांत जगभर आहे. पुणे जिल्ह्यातल्या मावळात तिला एक जास्तीचे कारण मिळते, ते म्हणजे घाट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातली आणि पुण्याहून येणारी सगळी दुचाकी वाहतूक जुन्या महामार्गाने चालते आणि बोरघाट उतरूनच खोपोलीला पोचते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. खोपोलीपर्यंतचा उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास भरतो, आणि तोही थोड्या अंतरात. हा उतार रेस सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावा लागतो. नाहीतर ब्रेक तापतात. नेमक्या याच वेळी काही गाड्यांचा सायलेन्सर फटाके मारू लागतो. मग कोणीतरी सांगते की ‘ती हवेची नळी बंद करून टाक’. सल्ला अगदीच निराधार नाही. नळी बंद केली की फटाके बहुधा कमी होतात. पण ते का कमी होतात हे समजल्याशिवाय त्या बदल्यात काय जाते ते कळत नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिन नेहमी या प्रमाणात चालत नाही. थंड इंजिन सुरू करताना चोक ओढला जातो, म्हणजे पेट्रोलाचे प्रमाण मुद्दाम वाढवले जाते. कार्ब्युरेटरची गाडी आयडलिंगवर सुरळीत चालावी म्हणूनही मिश्रण थोडे जाड ठेवतात. हवा कमी पडली की पेट्रोलातला कार्बन पूर्ण जळत नाही. कार्बन डायऑक्साइडऐवजी विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि थोडे पेट्रोल न जळताच हायड्रोकार्बनच्या रूपात बाहेर पडते. हे दोन्ही वायू अजूनही जळू शकतात. त्यांना दोनच गोष्टी हव्यात, उष्णता आणि ऑक्सिजन. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी उष्णता भरपूर असते. ऑक्सिजन तेवढा नसतो, तो ही नळी पुरवते. हवा बेंड पाइपच्या (हेडपासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीच्या) शेवटी न सोडता थेट व्हॉल्व्हजवळ सोडण्याचे कारणही हेच. काही इंच पुढे गेले तरी वायू थंड होऊ लागतात आणि जळण्याची क्रिया मंदावते.

बाहेर निघणाऱ्या वायूंच्या दाबाविरुद्ध हवा आत कशी शिरते हा या रचनेतला सगळ्यात सुंदर भाग आहे. मोटारींत पूर्वी यासाठी पट्ट्यावर फिरणारा पंप असे. कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलांपासून मोटारींच्या धुरावर मर्यादा आली, तेव्हा अमेरिकन कारखान्यांनी असे पंप बसवले. पंप फिरवायला इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते. ‘ही यंत्रणा गाडीची ताकद खाते’ हा समज बहुधा तिथूनच आला आणि पुढे मोटरसायकललाही चिकटला. मोटरसायकलमध्ये मात्र पंपच नसतो. सायलेन्सरमधला प्रवाह सलग नसून ठोक्याठोक्याने येतो. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर आयडल होत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२ वेळा उघडतो. प्रत्येक वेळी वायूंचा लोट वेगाने पुढे सरकतो आणि त्याच्या मागे क्षणभर दाब वातावरणापेक्षाही खाली जातो. त्या क्षणी नळीतली हवा आपोआप आत ओढली जाते. पुढच्या क्षणी दाब पुन्हा चढतो, तेव्हा वायू उलटे फिल्टरच्या डब्याकडे जाऊ नयेत म्हणून मध्ये रीड व्हॉल्व्ह असतो. ती पातळ पोलादी पानाची झडप असते, एकाच दिशेने उघडणारी.

यातून आणखी एक गोष्ट निघते. इंजिन सहा हजार फेऱ्यांवर गेले की ठोके सेकंदाला पन्नास होतात. उघड्या थ्रॉटलला बाहेर पडणारे वायूही जोरात आणि भरपूर असतात. दाब खाली जाण्याला सवडच कमी मिळते आणि नळीतून जाणारी हवा नगण्य होते. ही यंत्रणा खऱ्या अर्थाने काम करते ती आयडलिंगला, हळू चालताना आणि इंजिन थंड असताना. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्याजवळच्या भुशी धरणाच्या किंवा टायगर पॉइंटच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा मुंगीच्या पावलांनी सरकतात, तेव्हा प्रत्येक दुचाकी नेमकी याच अवस्थेत असते. गाडीच्या मागे पायी चालणाऱ्यांच्या आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांच्या छातीत काय जाते हे या छोट्या झडपेवर बरेच अवलंबून असते.

आता फटाक्यांकडे. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो आणि चाके इंजिनाला फिरवत असतात. बंद थ्रॉटलमागे इनटेकमध्ये निर्वात वाढतो, सिलिंडरात फार थोडे मिश्रण जाते आणि आधीच्या फेरीतले जळके वायू तिथे जास्त उरतात. इतके विरळ मिश्रण दर ठोक्याला पेट घेतेच असे नाही. इंजिन मध्येमध्ये मिस मारते आणि न जळलेले मिश्रण तसेच बेंड पाइपमध्ये जाते. तिथे त्याला ताजी हवा मिळाली आणि पुढच्या ठोक्याची आग पोचली की ते सायलेन्सरमध्ये पेटते. तोच फटाका.

म्हणजे फटाक्याला ताजी हवा लागते आणि ही नळी ती देते, हे खरे. पण ही अडचण रचना करणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होती. म्हणूनच कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रीड व्हॉल्व्हच्या आधी एक पडदा असलेली झडप बसवलेली असते. तिला इनटेककडून एक बारीक व्हॅक्युम नळी येते. रेस सोडली आणि निर्वात एकदम वाढला की तो पडदा ओढला जातो आणि जादा हवेची वाट बंद होते. रेस दिली की ती पुन्हा उघडते. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत हेच काम विजेवर चालणारा सोलेनॉइड करतो आणि त्याला आज्ञा ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, देतो. शिवाय बहुतेक इंजेक्शन गाड्यांत उतारावर रेस सोडली की पेट्रोलच काही काळ बंद केले जाते, त्यामुळे जळायला काही उरतच नाही.

तेव्हा घाटात गाडी सारखी फटाके मारत असेल तर बहुधा ही यंत्रणा बिघडली आहे किंवा तिच्या शेजारचे काही तरी बिघडले आहे, असा त्याचा अर्थ घ्यायला हवा. सगळ्यात आधी ती बारीक व्हॅक्युम नळी पाहावी. रबर उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, टोकाशी चिरते. चिरलेल्या नळीने दुहेरी नुकसान होते. पडद्याला निर्वात पोचत नाही, म्हणून हवा बंद व्हायची तेव्हा होत नाही. आणि इनटेकमध्ये चोरून जादा हवा शिरते, म्हणून मिश्रण आणखी विरळ होऊन मिस वाढतो. आयडलिंग वरखाली होऊ लागते ते वेगळेच. दुसरे ठिकाण बेंड पाइप आणि हेडमधला गॅसकेट. तो गळका असेल तर तिथूनही बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नळी बुजवूनही फटाके थांबत नाहीत. बाहेरून आणलेला मोकळा सायलेन्सर बसवलेल्या गाड्यांत हे फार आढळते, कारण जोड नीट बसत नाही आणि जाळी-भिंती नसल्याने छोटा स्फोटही मोठा ऐकू येतो. तिसरे, टॅपेटचे अंतर. ते फार कमी असेल आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तर आग सरळ बाहेर येते. चौथे, आयडलच्या मिश्रणाचा स्क्रू.

या शेवटच्या गोष्टीत उंचीचाही थोडा भाग आहे. लोणावळ्याच्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही आणि मिश्रण साधारण तीन टक्क्यांनी जाड होते. मुंबईत जुळवलेली गाडी इथे किंचित जाड चालते, इथे जुळवलेली गाडी खोपोलीत किंचित विरळ. फरक लहान आहे, गाडी बंद पाडण्याइतका नक्कीच नाही, पण आधीच काठावर असलेल्या आयडलिंगला तो घाटाच्या तळाशी फटाक्यांकडे ढकलू शकतो. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजेक्शन गाड्या हा फरक स्वतःच भरून काढतात.

यंत्रणा बंद करण्याच्या रीती दोन. सोपी रीत म्हणजे मुख्य नळी काढून तिच्यात बोल्ट किंवा बेअरिंगची गोळी ठोकून वर क्लिप आवळणे. दुसऱ्या रीतीत झडप, नळ्या आणि पडद्याची जोडणी सगळी उतरवतात, हेडवरचे तोंड अॅल्युमिनियमची पट्टी आणि गॅसकेट लावून बंद करतात, फिल्टरच्या डब्याचे भोक बुजवतात आणि इनटेकवरच्या व्हॅक्युमच्या तोंडाला टोपी घालतात. नुसत्या गोळीच्या रीतीत हेडकडचा नळीचा तुकडा गरम वायूंच्या ठोक्यांखाली राहतो. रबर हळूहळू जळते. पट्टी लावताना गॅसकेट बसला नाही तर तिथूनच हवा ओढली जाते आणि मूळ तक्रार दुप्पट होते. इंजेक्शन गाडीचा सोलेनॉइड नुसता काढला तर मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटतो. बीएस-६ या धुराच्या नियमांबरोबर आलेली ओबीडी व्यवस्था धुराशी संबंधित विजेची जोडणी तुटल्याचे ओळखतेच.

या कामातून मिळते काय? ताकद वाढत नाही. हवा ज्वलन संपल्यानंतर मिसळते. सिलिंडरातल्या स्फोटाशी तिचा संबंध नाही आणि मोटरसायकलवर तिला फिरवायला पंपही नाही. अॅव्हरेज वाढत नाही, कारण पेट्रोल मोजणारा जेट किंवा इंजेक्टर या नळीच्या अलीकडे आहे. वजन काही शे ग्रॅमने घटते. टॅपेट कव्हर उघडायला जागा मोकळी होते, हा मेकॅनिकचा खरा फायदा. बेंड पाइप थोडा कमी तापतो. आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी जुळवताना एक खरी सोय होते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजून मिश्रण जाड की विरळ ते ठरवतात, आणि ही जादा हवा त्या मोजणीत मिसळली तर मिश्रण आहे त्यापेक्षा विरळ दिसते. म्हणून मोजणीपुरती नळी बंद करणे हे शहाणपणाचे काम आहे. कारखान्यातून जशाच्या तशा आलेल्या इंजेक्शन गाड्यांतही सेन्सर मिश्रण सांभाळू लागला की ईसीयू ही हवा बहुतेक वेळा बंदच ठेवतो. तिचे मुख्य काम तोवर झालेले असते, थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटांत न जळलेले पेट्रोल जाळून, धुरातले विषारी वायू निकामी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्याचे. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसनंतर नीट काम करू लागतो.

जाते काय, तर कन्व्हर्टरचे काम. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड जाळायला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः याच नळीतून मिळतो. ती बुजवली की आयडलिंगला कन्व्हर्टरजवळ ऑक्सिजनच उरत नाही आणि विष जसेच्या तसे बाहेर येते. आवाज थांबल्याने गाडी सुधारल्यासारखी वाटते, आणि बाहेर येणारा वायू रंगहीन, गंधहीन असल्याने बिघाड कोणाच्याच लक्षात येत नाही. फटाके बंद करण्याच्या या उपायात सगळ्यात वाईट भाग हाच आहे.

पुणे जिल्ह्याला या विषयाशी आणखी एक नाते आहे. बजाजचे आकुर्डी आणि चाकणचे कारखाने मावळाच्या शेजारीच आहेत. केटीएमच्या ड्यूक २०० आणि ३९० भारतासाठी चाकणलाच तयार झाल्या, आणि परदेशात केटीएमची एसएएस काढण्याचे तयार संच विकले जातात. गाडीला बाजारात येण्याआधी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या चक्राप्रमाणे चालवतात आणि बाहेर पडलेला सगळा वायू गोळा करून प्रत्येक किलोमीटरला किती ग्रॅम विष निघाले ते मोजतात. दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा २००० साली किलोमीटरला २ ग्रॅम होती, २००५ साली १.५ आणि २०१० साली १ ग्रॅम झाली. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळूनची मर्यादाही याच आकड्यांनी खाली आली. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये बहुतेक दुचाकींना हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम एवढेच मान्य आहे, आणि चाचणी थंड इंजिनापासून सुरू होते. स्वस्त कार्ब्युरेटर ठेवूनही २००५ आणि २०१० च्या पायऱ्या चढता आल्या, त्यात या रबरी नळीचा आणि पोलादी पानाचा वाटा मोठा होता.

येथे एक आक्षेप घेतला जातो. ही यंत्रणा विष कमी करत नाही, धुरात हवा मिसळून त्याला फक्त पातळ करते, असे म्हणतात. पीयूसी केंद्रावरच्या मोजणीपुरता यात थोडा तथ्यांश आहे. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून आयडलिंगच्या वेळचे प्रमाण पाहतात. कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत. जादा हवेने टक्केवारी उतरते हे उघड आहे. पण रोलरवरची चाचणी ग्रॅममध्ये असते आणि कितीही हवा मिसळली तरी ग्रॅम कमी होत नाहीत. तिथे आकडा उतरतो तो खरोखर जळाल्यामुळेच. २००० च्या एप्रिलपासूनच्या जुन्या चार-स्ट्रोक दुचाकींना पीयूसीत ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ४,५०० भाग हायड्रोकार्बन चालतात. ही मर्यादा इतकी सैल आहे की नळी बुजवलेली गाडीही कित्येकदा पास होते. पीयूसी मिळाली म्हणून बदल निरुपद्रवी ठरत नाही.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा तसाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. हवा आणि आवाजाच्या प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) लागते. तिथे दंड दहा हजारांपर्यंत जातो. पोलिसांचे लक्ष अर्थातच मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरकडे आधी जाते. बुजवलेली नळी रस्त्यावर कोणी उघडून पाहत नाही, पण त्याने तिचे बेकायदेशीरपण बदलत नाही.

रस्त्याबाहेरची गोष्ट निराळी. लोणावळ्याहून पुढे मुळशी तालुक्यात अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरते. अशा ठिकाणी ट्रेलरवर आणलेली, फक्त शर्यतीसाठी जुळवलेली मोटरसायकल एसएआय काढून धावली तर त्यात गैर नाही. मोजणी स्वच्छ मिळते, हेडवरची गर्दी कमी होते आणि काही सेकंदांच्या पूर्ण थ्रॉटलमध्ये ही यंत्रणा तशीही काही करत नसते.

यंत्रणा बुजवण्याऐवजी दुरुस्त करणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. रीड व्हॉल्व्हवर काजळी धरते आणि पान पूर्ण मिटत नाही. मग गरम वायू उलटे नळीत येतात. नळी हेडकडून काळी आणि मऊ झालेली दिसते आणि फिल्टरच्या डब्यात धुराचा वास येतो. झडप काढून एका बाजूने तोंडाने फुंकावी, हवा जायला हवी. दुसऱ्या बाजूने फुंकल्यास अडायला हवी. काजळी कार्ब्युरेटर क्लीनरने निघते. पान वाकलेले असेल तर झडप बदलावी. मावळातल्या पावसात फिल्टरच्या डब्यात पाणी गेले असेल तर ते या नळीतही उतरते आणि पानाला गंज चढतो, म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा हे पाहणे बरे. पडद्याची झडप तपासायला व्हॅक्युमच्या बारीक नळीतून हवा ओढून धरावी. हवेची वाट बंद झाली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तर बंदच राहिली पाहिजे. ती हळूहळू उघडत असेल तर पडदा फाटला आहे.

जुनी गाडी विकत घेताना हीच तपासणी उलट्या बाजूने करता येते. हेडवर मूळ नळीच्या जागी पट्टी किंवा नव्या स्क्रूंचे झाकण, डब्याच्या कडेला रबरी बूच, कुठेच न पोचणारी व्हॅक्युमची टोपी, किंवा नळीच्या मधोमध आवळलेली क्लिप आणि तिच्या खाली बोटाला लागणारी कडक गाठ, या खुणा सापडल्या तर यंत्रणा बंद केलेली आहे. गाठ असेल तर ती काढून नवी नळी घालणे पुरते. सगळी जोडणी उतरवलेली असेल तर झडप, नळ्या, पडदा आणि गॅसकेट नवे घ्यावे लागतात. त्यांची किंमत गाडीच्या सौद्यातून वजा करून मागावी. जोडणी झाल्यावर आयडलचे मिश्रण पुन्हा जुळवावे. हे जुळवताना मुख्य नळी तात्पुरती चिमटून धुराची मोजणी घेतात, मग ती सोडून पुन्हा घेतात. दुसऱ्या मोजणीत कार्बन मोनॉक्साइड उतरलेला दिसला की नळीतून हवा जाते आहे.